दाद आणि मुदत

'दाद' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिथे त्याचा अर्थ न्याय. मराठीत तो 'मागणे', 'लागणे' आणि 'देणे' या तीन क्रियापदांच्या सोबतीने रुळला. 'मुदत' अरबीतून आली, तशीच 'हरकत'ही. हरकत म्हणजे मुळात हालचाल. मराठीत मात्र ती आक्षेप झाली. 'दंड' तेवढा संस्कृत. आधी काठी, मग शिक्षा. न्यायालयाच्या पायरीवर हे चारही शब्द एकत्र येतात. दंड झाला, की हरकत घ्यायची. पण मुदत संपली असेल, तर दाद लागत नाही. या चार शब्दांमधले नाते खाणींच्या इतिहासात जितके उघडे पडते, तितके क्वचितच अन्यत्र पडत असेल.

पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहिले, की पायाखाली जांभा असतो. दूर सपाट पसरलेले हे पठार सहलीला आलेल्यांना घोडागाडीचे मैदान वाटते. याच जातीची पठारे दक्षिणेकडे कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटसाठी खणली गेली. त्याहून खाली, गोव्यात, जांभ्याच्या टोप्या काढून लोहखनिज उपसले गेले. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. एकच दगड, पण एका ठिकाणी त्याच्याभोवती कायद्याचे कुंपण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पोटात खड्डा. हा फरक भूगर्भशास्त्राने केलेला नाही. तो कागदांनी केला, आणि प्रत्येक कागदाला एक तारीख असते.

खाणीतल्या सुरक्षिततेचा कायदा आपल्याकडे १९०१ साली आला. पुढे १९२३ चा आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ चा. या शेवटच्या कायद्याचे २२ वे कलम साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही एकदा वाचावे असे आम्हांला वाटते. खाणीत धोका दिसला, तर निरीक्षकाने मालकाला नोटीस द्यावी. धोका तातडीचा असेल, तर तिथे माणसे कामाला लावण्यास मनाई करावी. मालक, एजंट किंवा व्यवस्थापक यांना हे मान्य नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत मुख्य निरीक्षकाकडे अपील. मुख्य निरीक्षकाचाच आदेश अमान्य असेल, तर वीस दिवसांत केंद्र सरकारकडे लेखी हरकत, कारणांसह. आणि सरकारने ती साधारणपणे दोन महिन्यांच्या आत समितीकडे सोपवायची.

खरी गोष्ट पुढे आहे. हरकत घेतली म्हणून आदेश थांबत नसे. समितीचा निर्णय खाणीवर पोहोचेपर्यंत तो पाळावाच लागे. नोटिशीपुरती स्थगिती द्यायची झाली, तर ती समितीनेच अर्ज आल्यावर द्यायची. आणि मनाईमुळे ज्याचे काम थांबले, त्या कामगाराला पूर्ण वेतन, किंवा त्याच वेतनावर दुसरे काम. म्हणजे मालकाला दाद मागण्याचा हक्क होता, पण ती मागत असताना छत कोसळण्याची जोखीम कामगाराच्या डोक्यावर ठेवण्याचा हक्क नव्हता. मुदतीचा इतका माणुसकीने विचार केलेला मजकूर कायद्याच्या गद्यात फार आढळत नाही.

याच कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नियमभंगाने जीव गेला, तरी त्याच्या ७२ क कलमाखाली कमाल शिक्षा दोन वर्षांची, दंड पाच हजार रुपयांचा. फिर्यादीलाही मुदत होती : गुन्हा घडल्यापासून किंवा निरीक्षकाला कळल्यापासून सहा महिने, चौकशी न्यायालय नेमले असेल, तर त्याचा अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष. फिर्याद मुदतीत दाखल व्हायची. निकालाला मात्र मुदत नव्हती. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी शिरून ३७५ माणसे बुडाली. त्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली ती २०१२ साली. मधल्या छत्तीस वर्षांत आरोपी म्हातारे झाले, आणि मृतांची मुले आपल्या बापांच्या वयाला पोहोचली.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीज काळातल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे ठरल्या. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली तिथल्या खाणी थांबल्या. पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राचा अध्यादेश निघाला आणि पट्टे लिलावानेच देण्याची पद्धत आली; त्याच्या आधीच्या दिवसांत नूतनीकरणाच्या सह्यांना विलक्षण वेग आला होता. 'गोवा फाउंडेशन'च्या याचिकेवर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल लागला : ही घाई गैर होती, सर्व ८८ नूतनीकरणे रद्द, आणि १६ मार्चपासून खाणकाम बंद.

या निकालाविरुद्ध फेरविचार याचिकेची मुदत होती तीस दिवसांची. गोवा सरकारच्या याचिका दाखल झाल्या नोव्हेंबर २०१९ मध्ये. वेदान्त कंपनीच्या ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे अडीच वर्षांनी. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी मदन लोकूर डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्त झाले होते, आणि दीपक गुप्ता मे २०२० मध्ये. जुलै २०२१ मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने याचिका फेटाळल्या : उशिराचे समाधानकारक कारण नाही, गुणवत्तेवरही आधार नाही. न्यायाधीश निवृत्त होण्याची वाट पाहून फेरविचार मागण्याची रीत निषेधार्ह आहे, असेही पीठाने सुनावले.

सह्या करायच्या होत्या तेव्हा दिवस मोजले गेले. दाद मागायची होती तेव्हा वर्षे वाहू दिली. ज्यांच्या दारी वकिलांची फौज होती, त्यांना तीस दिवस कमी पडले असे म्हणवत नाही. पण त्या वर्षांत डिचोली-सांग्याकडचे ट्रकवाले, यंत्रचालक, खाणीवरचे मजूर मात्र 'याचिका होणार आहे' या एका वाक्यावर दिवस काढत होते. त्यांना दोन्हीकडून हिशेब चुकवावा लागला : खाण चालू असताना धुळीने भरलेल्या शेतांचा, बंद पडल्यावर रिकाम्या हातांचा.

मुदत सर्वांना सारखी असते, असे म्हणतात. तारखेपुरते ते खरे आहे. तारीख कळण्यापुरते नाही. पर्यावरणविषयक मसुद्यावर हरकत घ्यायला सामान्य नागरिकाला साठ दिवस मिळतात. २०२० च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत निघाला, तोही टाळेबंदीत. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचे आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करावयास सांगितले. ज्या गावालगत खाण येणार, त्या गावाला मसुदा वाचताच आला नाही, तर साठ दिवस काय आणि सहाशे काय, हा साधा प्रश्न त्या आदेशामागे होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षितता संहिता अमलात आली आणि १९५२ चा खाण कायदा तिच्यात विलीन झाला. तिचे मराठी रूप कसे आहे, खाणीवरच्या माणसाला ते वाचून समजते का, हे तपासण्याचे काम वकिलांइतकेच आमचेही, भाषा शिकवणाऱ्यांचे, आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण अर्ज आणि इतिवृत्त शिकवतो. त्यासोबत एखादी नोटीस आणि तिच्यावरची हरकत मुलांकडून लिहून घ्यायला हवी. वर तारीख, खाली सही, आणि मधे कारणे. साध्या मराठीत, मुदतीच्या आत.