नागपूरकर भोसल्यांचा लिलाव

11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजीराजे भोसले वारले. गादीला औरस पुत्र नव्हता. राजवाड्याने दत्तकविधी केला, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. शाळेच्या इतिहासात गोष्ट इथेच संपते. वाड्यातल्या माणसांसाठी ती इथून सुरू झाली, कारण राज्यामागोमाग घरही विकायला निघालं.

आधी जनावरं बाहेर काढली. हत्ती, उंट, घोडे, बैल मिळून पाच-सहाशे जनावरांचे अवघे 1300 पौंड आले, म्हणजे त्या वेळचे सुमारे 13,000 रुपये. हत्ती आणि बैल एका मापाने मोजले, तर सरासरी नगाला पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. राण्यांनी सरकारकडे तक्रार धाडली. गाडीची एक बैलजोडी पाच रुपयांत गेल्याचं त्या अर्जात नोंदवलेलं होतं. विकणाऱ्याला आज, आत्ता विकायचंच आहे, हे गिऱ्हाइकाला कळलं की बोली चढत नाही. आणि एवढी जनावरं एकदम पोसू शकणारं गिऱ्हाईक तरी त्या गावात वाड्याखेरीज कोण होतं?

मग सामान हलवायची वेळ आली. दुसऱ्या रघूजींची विधवा, वयोवृद्ध बांकाबाई, हिने सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन अशी धमकी दिली. सामान तरीही हललं. 1857 च्या उठावाचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन के या इंग्रजानेच नोंदवून ठेवलं आहे की, राज्य घेतल्यापेक्षा या जप्तीने आणि विक्रीने लोकांची मनं अधिक दुखावल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. राज्यं येतात-जातात, हे त्या पिढीने पाहिलेलं होतं. बायकांच्या अंगावरचं चव्हाट्यावर मांडणं मात्र नवं होतं.

जवाहीर नागपुरात विकलं नाही, ते कलकत्त्याला गेलं. तिथे हॅमिल्टन आणि कंपनी ही 1808 पासूनची जवाहिऱ्यांची पेढी होती आणि पैसेवालं गिऱ्हाईकही होतं. विक्रीतून ‘भोसला फंड’ उभारून तो राजघराण्याच्या कामी लावायचा, असं सरकारी समर्थन होतं. घरच्यांचेच दागिने विकून त्यांनाच पोटगी देण्याचा हा हिशेब.

अशा लिलावात जडावाचा दागिना घेणं सोपं काम नव्हे. कुंदनकामात सोन्याच्या पोटात लाख भरलेली असते, त्यामुळे तराजूतलं वजन सगळं सोन्याचं नसतं. खड्याखाली चकचकीत वर्ख असतो; तो खड्याला तेज देतो आणि त्याचे दोषही झाकतो. मुरलेला घेणारा म्हणूनच लाखेची घट धरून बोली लावतो आणि घडणावळीचा विचार सोडून देतो. नाण्यांचंही तेच. मराठी टांकसाळींचे रुपये बहुधा मुघल बादशहाच्या नावाने पडत. 1835 नंतर ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा रुपया आला आणि जुन्या रुपयांवर सराफ बट्टा कापू लागले. ज्या नाण्यावर टांकसाळीची खूण स्पष्ट उमटली आहे, त्याला आजचा संग्राहक जास्त पैसे मोजतो. तेव्हाच्या सराफाला ती खूण कस ओळखण्यापुरती पुरे होती.

घराण्याच्या नावाला तेव्हा भाव नव्हता, हे ‘नासक’ हिऱ्यावरूनही दिसतं. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं सांगतात. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याचं राज्य बुडालं तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि कंपनीने तो लंडनमध्ये रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांना विकला. त्यांनी त्याला नवे पैलू पाडले. सुमारे नव्वद कॅरटचा हिरा ऐंशीवर आला. 1837 च्या लंडनमधल्या लिलावात त्याला 7,200 पौंड आले. पुढे 1940 मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा घासून 43.38 कॅरटचा केला. पेशव्यांनी पाहिलेल्या हिऱ्याचं निम्मं वजनही आज उरलेलं नाही.

वारं फिरलं ते अगदी अलीकडे. 2007 मध्ये न्यू यॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात बडोद्याच्या गायकवाडांचा 68 मोत्यांचा दोनपदरी हार सुमारे 71 लाख डॉलरला गेला. मूळच्या सातपदरी हारातले निवडक मोती घेऊन तो बनवलेला. तरी मोत्यांइतकीच ‘बडोदा’ या नावाची किंमत मोजली गेली, असं मानायला हरकत नाही. त्या आधी, 1995 मध्ये, निजामाचं जवाहीर भारत सरकारने 218 कोटी रुपयांना घेतलं आणि परदेशी लिलावाची वाट बंद केली. नागपूरच्या वाट्याला असा घेणारा आला नाही.

आज कुणा जुन्या घरातली नाणी किंवा दागिने लिलावात घेणाऱ्याने वजन-कसाबरोबर मालकीचे कागदही मागून घ्यावेत. 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.