एअरशिप आणि आरंभीची विमानविद्या : मुक्त ज्ञानकोशातले सहलेखन

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात बलून, एअरशिप, ग्लायडर आणि पहिली विमाने यांच्यावर मोठ्या संख्येने लेख आहेत. ते कोणा संपादक मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञांकडून लिहून घेतलेले नाहीत. निरनिराळ्या देशांतले, बहुधा एकमेकांना कधीच न भेटलेले स्वयंसेवक ते बिनमोबदला लिहितात, तपासतात, दुरुस्त करतात आणि त्यातल्या एकेका शब्दावरून वादही घालतात. इथे पाहायच्या विषयाचा कालपट ढोबळमानाने ८५ वर्षांचा. आंरी जिफार याने २४ सप्टेंबर १८५२ रोजी वाफेच्या इंजिनावर चालणारे एअरशिप पॅरिसहून सुमारे २७ किलोमीटर नेले, ते या पटाचे एक टोक. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतल्या लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन एअरशिप जळाले, ते दुसरे.

हा काळ दंतकथांना फार पोषक आहे. बक्षिसांच्या शर्यती, देशाभिमान, युद्धातली गुप्तता आणि खपासाठी धावणारी वर्तमानपत्रे यांनी त्याच्या नोंदी गढूळ करून ठेवल्या आहेत. कोण आधी उडाले, किती उंच, किती वेळ, कोणी पाहिले, या प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन उत्तरे छापील स्वरूपात सापडतात. म्हणूनच या विषयात सहलेखनाचा कस लागतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. आरंभीच्या काही वर्षांत इंग्रजी आवृत्तीत १९११ च्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला, हक्कमुक्त झालेला मजकूर अनेक ठिकाणी आणून बसवला गेला. अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या सरकारी कोशातला मजकूरही हक्कमुक्त होता आणि ‘ॲक्रॉन’, ‘शेनान्डोआ’ ही एअरशिपे नौदलाचीच असल्यामुळे त्यांच्या लेखांचा पाया तयार मिळाला. पुढे विमानविषयक लेखांसाठी स्वयंसेवकांनी विकिप्रकल्प उभे केले. विमानावरच्या लेखात आधी विकासाची हकिगत, मग रचना, मग प्रत्यक्ष वापर, उपप्रकार आणि शेवटी मोजमापे, हा क्रम तिथेच ठरला. मोजमापे मीटर आणि फूट या दोन्ही एककांत दाखवणारे साचे बनले. प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असते आणि एक इतिहास असतो. कोणत्या सदस्याने कोणत्या मिनिटाला कोणता शब्द बदलला, हे त्या इतिहासात कोणालाही पाहता येते. एकाच लेखातला दुसऱ्याचा बदल चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचा नाही, असा नियम आहे. हट्टाला पेटलेल्या सदस्यांना तोच चर्चापानावर आणून बसवतो.

पहिली अडचण नावांची. जर्मन एअरशिपांना कारखान्याचा एक क्रमांक असे आणि लष्कर वा नौदल आपला दुसरा क्रमांक देई. कारखान्यातले ‘एलझेड १०४’ नौदलात ‘एल ५९’ झाले. हेच एअरशिप नोव्हेंबर १९१७ मध्ये बल्गेरियातल्या यांबोलहून पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन फौजेसाठी रसद घेऊन निघाले, सुदानवरून माघारी वळले आणि ९५ तासांत सुमारे ६,८०० किलोमीटर उडून परतले. एका पुस्तकात एक क्रमांक, दुसऱ्यात दुसरा. नवख्या सदस्याला ही दोन वेगवेगळी जहाजे वाटावीत यात नवल नाही. ‘ग्राफ झेपेलिन’ या नावाची तर दोन एअरशिपे होती, एलझेड १२७ आणि एलझेड १३०, शिवाय त्याच नावाची एक जर्मन विमानवाहू नौकाही बांधायला घेतली होती. १९२९ ची पृथ्वीप्रदक्षिणा यांतल्या पहिल्याची. वाचक नेमक्या लेखावर पोचावा म्हणून वेगळी निःसंदिग्धीकरणाची पाने करावी लागतात.

याहून अवघड गुंता ‘एसएल ११’चा आहे आणि तो जवळून पाहण्याजोगा आहे. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लंडनच्या उत्तरेला कफ्ली गावावर ब्रिटिश वैमानिक विल्यम लीफ रॉबिन्सन याने एक जर्मन एअरशिप पाडले. त्यातले सगळे खलाशी मेले. कूर्गमध्ये जन्मलेल्या या तरुणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाडलेले जहाज ‘झेपेलिन एल २१’ असल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले. वस्तुतः ते झेपेलिन कंपनीचे नव्हतेच; ते शुट्टे-लान्झ कंपनीचे, लाकडी सांगाड्याचे जहाज होते. खरे ‘एल २१’ त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर पाडले गेले. म्हणजे त्या दिवसांचे वर्तमानपत्र हातात घेऊन, तारखेसकट संदर्भ देऊन एखाद्या सदस्याने ‘एल २१’ लिहिले, तर संदर्भ खरा आणि माहिती चुकीची. अशा जागी जुन्या बातमीपेक्षा नंतरच्या इतिहासकारांनी जर्मन कागदपत्रांशी ताडून पाहिलेल्या ग्रंथाला जास्त वजन द्यायचे, हा संकेत उपयोगी पडतो. झेपेलिनच्या यादीत घुसणारे ‘एसएल ११’ बाहेर काढण्याचे काम मात्र डोळ्यांत तेल घालून करावे लागते, कारण लोकांच्या तोंडी सगळीच जर्मन एअरशिपे झेपेलिन झालेली आहेत.

हिंडेनबर्गवर दोन स्वतंत्र लेख आहेत, एक जहाजाचा आणि एक दुर्घटनेचा. दुर्घटनेच्या लेखात आकड्यांची शहानिशा पुन्हा पुन्हा करावी लागते. जहाजावर ९७ जण होते. १३ प्रवासी आणि २२ कर्मचारी दगावले आणि जमिनीवरचा एक कामगार गेला, एकूण ३६. म्हणजे ९७ मधून ३६ वजा करून वाचलेल्यांचा आकडा ६१ काढणारा चुकतो. वाचले ते ६२. ही एअरशिपच्या इतिहासातली सर्वांत मोठी जीवितहानी, असे वाक्यही कुठे कुठे वाचायला मिळते. तेही खरे नाही. ४ एप्रिल १९३३ रोजी ‘ॲक्रॉन’ समुद्रात कोसळले तेव्हा ७६ पैकी ७३ जण बुडाले. हिंडेनबर्ग स्मरणात राहिले ते चित्रफितीमुळे आणि शिकागोच्या वार्ताहर हर्बर्ट मॉरिसन याच्या कापऱ्या आवाजामुळे. तो आवाजही थेट प्रक्षेपणाचा नव्हे. त्याचे वर्णन तबकड्यांवर मुद्रित झाले, नंतर वाजवले गेले आणि चित्रफितीला जोडले गेले त्याहून पुढे.

आगीच्या कारणाबद्दल तीन मते लेखात नांदतात. गळालेला हायड्रोजन आणि स्थितिक विजेची ठिणगी हे १९३७ च्या चौकशीपासून चालत आलेले मत. घातपाताची कल्पना १९६२ आणि १९७२ मधल्या दोन पुस्तकांनी लोकप्रिय केली. जहाजाच्या कापडावरचा लेपच ज्वालाग्राही होता, हे मत १९९० च्या दशकात पुढे आले. तिन्हींना सारखी जागा देणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. ज्या मतामागे जितका अभ्यास, तितकी त्याला जागा, असे विकिपीडियाचे धोरण सांगते. हे धोरण पाळणे फार जड जाते, कारण घातपाताची गोष्ट वाचायला कितीतरी जास्त रंगतदार आहे.

सर्वांत मोठा काथ्याकूट चालतो तो ‘पहिले’ या शब्दावर. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूत राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे, चौथे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. त्याच दिवशी वडिलांना केलेल्या तारेत मात्र सर्वांत लांब उड्डाण ५७ सेकंदांचे असल्याचे उमटले आहे आणि ऑर्विलच्या नावाचे स्पेलिंगही चुकले आहे. तार पुढे पाठवताना झालेली ही गफलत. मूळ कागद हाती आला की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्याने ही तार जरूर पाहावी.

ब्राझीलच्या वाचकांना मात्र पहिला मान अल्बेर्तो सांतोस-द्युमों याचा वाटतो. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्याने आपले सहाव्या क्रमांकाचे एअरशिप आयफेल टॉवरला वळसा घालून परत आणले आणि दॉच द ला मर्त पारितोषिक मिळवले. पुढे २३ ऑक्टोबर १९०६ रोजी ‘१४-बिस’ विमानातून तो पॅरिसच्या बागातेल मैदानावर सुमारे ६० मीटर उडाला, तेही जमलेल्या लोकांसमोर आणि स्वतःच्या चाकांवर धावत. राइट बंधूंनी विमान फेकणारे यंत्र वापरले, सांतोस-द्युमोंने नाही, असा युक्तिवाद या बाजूने हमखास येतो. त्याला उत्तर तारखांत आहे. वजन खाली सोडून विमानाला गती देणारी ती यंत्रणा राइट बंधूंनी सप्टेंबर १९०४ पासून वापरली. १९०३ मध्ये लाकडी रूळ होता, समोरून जोराचा वारा होता आणि इंजिन होते. असे एक वाक्य संदर्भासह लेखात बसले की चर्चा देशाभिमानाकडून तपशिलाकडे वळते. फ्रान्सच्या क्लेमां आदेरची १८९० मधली झेपही याच वादात येते आणि ‘उड्डाण’ कशाला म्हणायचे, किती नियंत्रण असले की ते खरे धरायचे, हे आधी ठरवावे लागते.

गुस्ताव व्हाइटहेडचे प्रकरण याहून चिवट आहे. १४ ऑगस्ट १९०१ रोजी तो कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्टच्या परिसरात उडाला, अशी बातमी तिथल्या रविवारच्या वृत्तपत्राने छापली होती. २०१३ मध्ये ‘जेन्स ऑल द वर्ल्ड्स एअरक्राफ्ट’ या नामवंत वार्षिकाच्या संपादकाने त्याला दुजोरा दिला आणि त्याच वर्षी कनेटिकटने त्याच्या गौरवाचा कायदाही केला. २०१५ मध्ये त्या वार्षिकाच्या प्रकाशकाने ते मत संपादकाचे वैयक्तिक असल्याचे सांगून अंग काढून घेतले. व्हाइटहेडचे समर्थक बोट दाखवतात ते १९४८ च्या करारावर. राइटांचे विमान मिळवताना स्मिथसोनियन संस्थेने त्याआधीचे कोणतेही यंत्र माणसाला घेऊन उडू शकले, असे न म्हणण्याची अट मान्य केली होती. करार खरा आहे आणि लेखात त्याचा उल्लेख हवाच. पण करारामुळे व्हाइटहेड उडाला हे सिद्ध होत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर राखण्यासाठी चर्चापानावर लेखाच्या कितीतरी पट मजकूर लिहिला गेला आहे, आणि तो वाया गेलेला नाही.

महाराष्ट्राशी या वादाचे नाते शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांच्यामुळे जुळते. तळपदे मुंबईचे, संस्कृतचे अभ्यासक. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान दीड हजार फूट उंच उडवले, ही गोष्ट मराठी घरांत आदराने सांगितली जाते. पण त्या वर्षातला पडताळून पाहता येईल असा विश्वासार्ह वृत्तान्त त्या उड्डाणाचा उपलब्ध नाही. जे आहे ते नंतरच्या लेखनातून आलेले. या गोष्टीशी जोडल्या जाणाऱ्या, प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा ग्रंथ सांगणारे सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी नमुने बनवले, पण ते उडवण्यात यश आले नाही, असेही त्यात नमूद आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्या आयुष्यावर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा हा विषय पुन्हा पेटला. सांगोवांगीची गोष्ट आणि इतिहास एकाच लेखात ठेवायचे, पण वाचकाला दोन्ही ओळखू येतील असे ठेवायचे, हे काम इथे मराठी माणसाने आपल्याच आवडत्या नायकाबाबत करायचे असते. त्यात तळपदे यांचा कमीपणा मुळीच नाही. परकीय सत्तेखाली राहून विमान उडवण्याचा ध्यास घेणारा माणूस आहे तेवढ्यावरच नोंद घेण्याजोगा ठरतो.

लेखांचे बळ शेवटी संदर्भांवर उभे असते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘लेरोफिल’ या जुन्या मासिकाचे अंक ऑनलाइन खुले केल्यामुळे पॅरिसमधल्या उड्डाणांच्या तारखा घरबसल्या तपासता येऊ लागल्या. १९०९ मध्ये साप्ताहिक म्हणून सुरू झालेल्या ‘फ्लाइट’ या ब्रिटिश नियतकालिकाचा जुना संग्रहही काही वर्षे सर्वांना खुला होता. तो बंद झाला तेव्हा त्यावर टेकलेले दुवे एका झटक्यात निकामी झाले. अशा मेलेल्या दुव्यांची रास उपसून, जिथे जतन केलेली प्रत सापडेल तिथे ती जोडण्याचे काम पुष्कळसे सांगकामे, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम (बॉट), करतात. पानाचा क्रमांक बरोबर आहे ना, हे मात्र माणसालाच पाहावे लागते. चित्रांच्या बाबतीत २००८ च्या अखेरीस मोठी भर पडली. जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ८० हजारांहून अधिक छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहाला दिली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या हक्कमुक्त काचपट्ट्यांवर राइट बंधूंचे पहिले उड्डाणही आहे. वारसांच्या पेटीतले पत्र किंवा आजोबांची रोजनिशी मात्र कुठे प्रसिद्ध झालेली नसेल तर संदर्भ म्हणून चालत नाही. या नियमाने अनेक प्रामाणिक माणसे दुखावतात, तरीही तो हवा, कारण दुसऱ्या वाचकाला ती पेटी उघडून पाहता येत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. या विषयात मराठी सदस्यांना करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी दूर जायचेही कारण नाही. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडच्या कार्डिंग्टनहून निघालेले ‘आर १०१’ हे एअरशिप कराचीला यायचे होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्याच्यासाठी तिथे प्रचंड शेड बांधून तयार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले आणि ५४ पैकी ४८ जण गेले. ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन त्यांत होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली, ती जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल फेरी मानली जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. या तिन्ही घटनांच्या बातम्या त्या त्या दिवसांच्या मराठी वृत्तपत्रांत शोधता येतात. अंक, तारीख आणि पान यांसह त्या लेखात उतरल्या, तर कोणत्याही भाषेतल्या सदस्याला त्या ताडून पाहता येतील.