पहारेकरी प्रोग्रामची कुळकथा

1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाकडे आयबीएमचं 7094 हे मशीन होतं. संगणक एक, वापरणारे अनेक. मागच्या मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामना ही मंडळी ‘डीमन’ म्हणू लागली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेल्या, अखंड रेणू निवडत बसणाऱ्या भुतावरून. पहिल्या डीमनचं काम फायलींच्या प्रती टेपवर उतरवायचं होतं.

अशा प्रोग्रामवर पहाऱ्याची पाळी आणली व्हायरसने. 1986 मध्ये ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीतून पसरला. सुरुवातीची व्हायरसविरोधी साधनं चालवायची, मशीन साफ करायचं आणि बंद करायची. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांकडे व्हायरसने बिघडलेले संगणक येऊ लागले, आणि धाकटे भाऊ संजय त्यावर प्रोग्राम लिहू लागले. त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. 1995 मध्ये कंपनी नोंदली गेली, 2016 मध्ये शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेलं हे मराठी कर्तृत्व आवर्जून सांगावं असंच आहे.

पण सुरुवातीच्या साधनांनी साफ केलेल्या मशीनमध्ये नवी फ्लॉपी गेली की पुन्हा लागण. मग पहारेकरी मेमरीतच मुक्कामाला आला. डॉसमध्ये प्रोग्रामसाठी जेमतेम 640 केबी जागा. त्यातलाच तुकडा तो धरून ठेवी आणि फाइल उघडण्याची प्रत्येक विनंती जकात नाक्यावर गाडी थांबवावी तशी अडवून तपासी. विंडोजमध्ये हेच काम फाइल सिस्टीमवर बसवलेला फिल्टर ड्रायव्हर करतो.

या तपासणीचा खरा भार किनवटसारख्या तालुक्याच्या गावी कळतो. जूनमध्ये दाखल्यांसाठी सेवा केंद्रावर रांग, जुनं मशीन, आणि त्यात एकामागून एक लागणारे पेन ड्राइव्ह. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निम्मा रिकामा दिसतो, तरी फॉर्म उघडत नाही. कारण अडतं बहुतेकदा डिस्कवर: पहारेकरी फाइल वाचतो, झिप असेल तर कधी ती सोडवून आतलंही बघतो, आणि तेवढा वेळ फिरत्या हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत राहतं. रॅम कमी असेल तर आणखीच हाल.

म्हणून आताचे प्रोग्राम तपासलेली, न बदललेली फाइल लक्षात ठेवतात. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ठरलेल्या वेळच्या स्कॅनला प्रोसेसरची मर्यादा मुळात 50 टक्के असते. ती कमी करता येते. चालू पहाऱ्याला मात्र ती लागू नाही. जुन्या मशीनवर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याचा फरक लगेच दिसतो, आणि पूर्ण स्कॅन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लावल्याचाही.