शिक्का

परवा नातू नांदेडहून लातूरला आला. येताना घेतलेली पाण्याची बाटली त्याने टेबलावर ठेवली. मास्तरकीची खोड जात नाही... मी आधी लेबल वाचलं. आयएसआयचा शिक्का होता.

"आजोबा, तो आता सक्तीचा नाही," नातू म्हणाला.

खरं आहे. १७ ऑक्टोबर २०२४ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती सक्ती काढली. एकाच पाण्याला दोन परवाने कशाला, असा विचार. प्राधिकरणाचा परवाना मात्र लागतोच. नोव्हेंबरात हे पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत टाकलं, म्हणजे दरवर्षी तपासणी आली.

म्हणजे आपण फिरून २००१च्या मागे आलो की! २९ मार्च २००१पर्यंतही हा शिक्का ऐच्छिकच होता. तेव्हा गिऱ्हाईक "एक बिसलेरी द्या" म्हणायचं आणि दुकानदार देईल ती बाटली घ्यायचं. शिक्का कोण बघतो? मीही बघत नव्हतो. पाणी डोळ्यांनी पारखता येत नाही, म्हणून तर शिक्का. पण तो ऐच्छिक असला की ज्याला वाचता येतं आणि चार रुपये जास्त परवडतात, त्याच्याच कामाचा.

सक्तीचा शिक्का तरी सोन्याचा होता का? २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शिक्का असलेल्या बाटल्यांतच कीटकनाशकं दाखवली. मानकात नुसतं 'आढळू नये' असं होतं, आणि सांगितलेल्या चाचणीत ती आढळतच नव्हती! मग आकडा ठरला, लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम. असो.

आमची खरी परीक्षा २०१६ला झाली. मांजरा धरण कोरडं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते पिण्याला कुठवर पुरणार? गल्लीत जार सुरू झाले. झाकण नुसतं दाबलेलं, सील नाही. सीलच नाही तर शिक्का कुठला? एकदा पाण्याला वास आला. जार आणणारा माझाच विद्यार्थी. विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, मिळतंय हेच नशीब." हिने ते पाणी उकळून घेतलं. मला काही बोलवलं नाही.

जार अजून चालू आहे. त्यावर ना शिक्का, ना परवान्याचा नंबर. नंबर विचारला तर पोरगा "उद्या सांगतो गुरुजी" म्हणाला. त्याला महिना झाला.