रोगनाम आणि रोगनिदान : रक्तवाहिनीदाहाच्या नावांचा इतिहास

१

शब्दांचा इतिहास पाहणाऱ्याने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. रोगाचे निदान करणे व त्यावर उपचार योजणे हा वैद्यांचा अधिकार. तेथे भाषाभ्यासकाने बोलण्यासारखे काही नाही. परंतु रोगाला नाव देणे ही क्रिया जितकी वैद्यकाची आहे तितकीच भाषेचीही आहे, आणि नाव एकदा रूढ झाले म्हणजे ते पुढच्या पिढीच्या विचारास वळण लावते, हा भाषेचा सर्वत्र येणारा अनुभव आहे. रक्तवाहिन्यांच्या दाहाने उत्पन्न होणारे रोग हे या गोष्टीचे फार बोलके उदाहरण होय.

या रोगांत शरीराच्या रक्षणाचे काम करणाऱ्या श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतच शिरतात. भिंत जाड होऊन आतील मार्ग अरुंद होतो, किंवा ती दुबळी होऊन फुगते व कधी फुटते. त्या वाहिनीवर पोसले जाणारे इंद्रिय उपाशी पडते. ते इंद्रिय डोळा असेल तर दृष्टी जाते. मूत्रपिंड असेल तर लघवीतून रक्त व प्रथिने जाऊ लागतात. मज्जातंतू असेल तर हात किंवा पाऊल लुळे पडते. म्हणजे रोग वाहिनीचा, आणि तक्रार मात्र दुसऱ्याच अवयवाची. अशा रोगास ओळखणे कठीण, आणि त्यास यथार्थ नाव देणे त्याहूनही कठीण.

प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा एवढाच की, या रोगांचे प्रत्येक नाव हे ते देणाऱ्याची दृष्टी जेथवर पोचली तेथवरचे अनुमान आहे. साधने सुधारली की अनुमान सुधारते. पण नाव तितक्या लवकर सुधारत नाही, आणि या मधल्या अंतराची किंमत रोग्याला मोजावी लागते.

२

आरंभी मूळ शब्दांकडे पाहू. ग्रीक भाषेतील ‘आर्टेरिया’ हा शब्द धमनीस लावीत, तसाच तो श्वासनलिकेसही लावीत. मृत शरीरात धमन्या बहुधा रिकाम्या आढळतात, त्यामुळे त्यांतून वायू वाहतो अशी कित्येक प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत होती. धमनीत रक्तच असते हे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने प्रयोगाने दाखविले. शब्द मात्र राहिला तो राहिलाच. आपला ‘धमनी’ शब्दही ‘फुंकणे’ या अर्थाच्या ‘ध्मा’ (धम्) धातूपासून निघालेला असून त्याचा मूळ अर्थ फुंकण्याची नळी असा आहे.

रोगनामांच्या शेवटी येणाऱ्या ‘आयटिस’ या प्रत्ययाची कथाही अशीच आहे. ग्रीकमध्ये हा केवळ संबंधदर्शक विशेषण बनविणारा प्रत्यय होता. ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे ‘सांध्याचा’. ‘रोग’ हा विशेष्यवाचक शब्द अध्याहृत असे. पुढे विशेष्य गळाले आणि युरोपीय वैद्यकाने या प्रत्ययास ‘दाह’ हा निश्चित अर्थ चिकटविला. त्यानंतर जे नाव ‘आयटिस’ने संपेल त्यात दाह कोठे आहे, हे नावानेच सांगावे अशी अपेक्षा निर्माण झाली. पुढील इतिहासातील पुष्कळसा घोळ या अपेक्षेतूनच उत्पन्न झालेला आहे.

३

आधुनिक इतिहासाचा प्रारंभ जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे होतो. १८६५ साली तेथील चिकित्सालयात २७ वर्षांचा एक शिंपी आला. तो स्वतः पायऱ्या चढून आला. परंतु त्यास ताप होता, हातांना बधिरता व अशक्तता आली होती, लघवीतून प्रथिने जात होती, पोटात तीव्र वेदना होत्या. महिन्याभरातच त्याचा अंत झाला. अडॉल्फ कुसमाउल हे चिकित्सक व रुडोल्फ मायर हे विकृतिशास्त्रज्ञ यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा मध्यम आकाराच्या धमन्यांवर जागोजाग गाठी आढळल्या. त्यांना प्रथम कृमींचा संशय आला. तो दूर झाल्यावर १८६६ मध्ये त्यांनी या रोगाचे नाव ‘पेरिआर्टेरायटिस नोडोसा’, म्हणजे धमनीच्या भोवतालचा गाठाळ दाह, असे ठेवले.

या नावातील ‘पेरि’ हा उपसर्ग म्हणजे एक विधानच होते. दाह धमनीच्या बाहेरच्या आवरणात आहे असे ते सांगत होते. १९०३ मध्ये फेरारी यांनी दाह भिंतीच्या सर्व थरांतून आरपार असतो असे दाखवून ‘पेरि’च्या जागी ‘पॉलि’, म्हणजे ‘अनेक’, हा उपसर्ग सुचविला. एका उपसर्गाची ही दुरुस्ती; तरी पुढे कित्येक दशके दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदत राहिली.

यापेक्षाही गंभीर गोष्ट ही की, हे एकच नाव पुढे कोणत्याही धमनीदाहास सर्रास लावले जाऊ लागले. सूक्ष्मदर्शकानेच दिसतील अशा वाहिन्यांना पछाडून मूत्रपिंडातील गाळणी नष्ट करणारा प्रकार वेगळा आहे, हे डेव्हसन, बॉल व प्लॅट यांनी १९४८ मध्ये निदर्शनास आणले. १९५२ मध्ये पर्ल झीक यांनी वर्गीकरणाचा पद्धतशीर प्रयत्न केला. दोन वेगळे रोग एकाच नावाखाली मोजले गेले म्हणजे कोणता उपचार कोणास लागू पडला हे कळण्याचा मार्गच खुंटतो. पुढे १९७० च्या सुमारास मूळच्या गाठाळ रोगाचा हिपॅटायटिस-बी या विषाणूशी काही रुग्णांत संबंध आढळला. अशा रुग्णास केवळ प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे देत राहणे घातक ठरू शकते. त्यास विषाणूविरोधी उपचार अवश्य आहेत. नाव विभागले गेल्यावाचून हा विवेक करता आला नसता.

४

दुसरे उदाहरण जपानचे. कानाझावा येथील नेत्रवैद्य ताकायासू मिकितो यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या मागील पडद्यावर रक्तवाहिन्यांचे विलक्षण कडे आढळल्याचे नेत्रवैद्यांच्या परिषदेत सांगितले. त्याच परिषदेत ओनिशी व कागोशिमा यांनी आपल्या तशाच रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही असे निवेदन केले. ताकायासूंनी डोळा पाहिला, इतर दोघांनी मनगट पाहिले. रोग होता तो महाधमनीत व तिच्या फाट्यांत. मस्तकाकडे जाणारे रक्त कमी पडल्यामुळे डोळ्यातील वाहिन्यांनी आडमार्ग काढले होते.

शिमिझू व सानो यांच्या १९५१ च्या लेखामुळे या विकारास ‘नाडीहीन रोग’ हे नाव सर्वत्र परिचित झाले. ‘नाडी लागत नाही’ हे आपल्याकडे अंतकाळचे लक्षण समजले जाते. येथे मात्र नाडी न लागणारी तरुण स्त्री चालत दवाखान्यात येते. नाव चित्तवेधक खरे, पण ते रोगाच्या उत्तरावस्थेचे आहे. नाडी लोपते तेव्हा धमनी पुष्कळशी बुजलेली असते. आरंभीचा बारीक ताप, अंगदुखी, वजन घटणे, दोन्ही हातांच्या रक्तदाबातील तफावत ही चिन्हे त्या नावात कोठेच नाहीत.

आपल्या देशात तर हे नाव अधिकच अपुरे पडले. येथील अनेक रुग्णांत पोटातील महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झालेल्या आढळतात, आणि पहिली खूण म्हणून तरुण वयात भारी रक्तदाब प्रकट होतो. मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील शल्यविशारद पी. के. सेन, जी. बी. परुळकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला आपला ग्रंथ १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात ना ताकायासूंचे नाव आहे, ना नाडीचा उल्लेख. त्यांनी ‘अविशिष्ट महाधमनी-धमनीदाह’ अशा अर्थाचा शब्द योजिला. ‘अविशिष्ट’ म्हणजे ज्याचे विशिष्ट कारण उमगलेले नाही असा. नावातच आपल्या ज्ञानाची मर्यादा नोंदविणारी ही योजना प्रस्तुत लेखकास विशेष मोलाची वाटते. आज धमन्यांच्या प्रतिमा घेऊन भिंतीची जाडी नाडी लोपण्यापूर्वी पाहता येते. स्टेरॉइड व तत्सम औषधांनी दाह शमविता येतो. आणि अरुंद झालेला मार्ग फुग्याने रुंद करणे वा शस्त्रक्रियेने वळण काढणे हे उपायही निवडक रुग्णांत करता येतात.

५

तिसरे नाव वृद्धांच्या रोगाचे. १८९० मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी कानशिलावरील लाल, दुखऱ्या रेषांमुळे टोपी घालता न येणाऱ्या एका वृद्धाचे वर्णन केले. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो चिकित्सालयाच्या हॉर्टन व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून तपासला व त्यात दाह दाखविला. ‘कानशिलाचा धमनीदाह’ हे नाव त्यावरून रूढ झाले. जेथे बोट पोचले, जेथे सुरी पोचली, तेथेच रोगाचे घर मानले गेले.

परंतु हाच रोग डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत शिरला तर दृष्टी एकाएकी जाते व ती बहुधा परत येत नाही. तो महाधमनीतही वसू शकतो, तेव्हा कानशिलावर काहीच दिसत नाही. शिवाय धमनीतील दाह सलग नसतो; मध्ये मध्ये निरोगी जागा सुटलेल्या असतात. काढलेला तुकडा अशाच जागेचा असला तर तपासणी निर्दोष येते आणि रोग मात्र असतोच. म्हणूनच आज ‘महापेशी धमनीदाह’ या अर्थाचे नाव प्रचारात आहे. ते स्थळावरून नव्हे, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या मोठ्या पेशींवरून दिलेले आहे. १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णास प्रथम दिलेले कॉर्टिझोन लवकरच या रोगातही उपयोगी ठरले. उपचाराचा नियम असा की, संशय बळकट असेल तर तुकड्याच्या निकालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करावे. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास नवीनच डोकेदुखी जडली, घास चावताना जबडा दुखू लागला, क्षणभर अंधारी आली, तर तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो.

६

चौथे उदाहरण सर्वांत शिकविणारे आहे. नाक, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांना पछाडणाऱ्या एका रोगाचे वर्णन १९३१ मध्ये क्लिंगर यांनी व १९३६ आणि १९३९ मध्ये ब्रेस्लाऊ येथील फ्रिडरिख वेगेनर यांनी केले. १९५४ मध्ये गॉडमन व चर्ग यांनी त्याची लक्षणे निश्चित केल्यावर ‘वेगेनरचा रोग’ हे नाव स्थिरावले. १९५८ मध्ये वॉल्टन यांनी दाखविल्याप्रमाणे उपचाराविना रुग्ण सरासरी ५ महिने जगत आणि १०० पैकी ८२ वर्षाच्या आत दगावत. १९७० च्या दशकात अमेरिकेतील फाउची व वोल्फ यांनी सायक्लोफॉस्फमाइड व स्टेरॉइड यांची जोड योजिली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ८५ रुग्णांपैकी ७९ जणांचा रोग पूर्णपणे शमला होता. मृत्युलेख ठरलेले नाव या औषधाने निदानाचे नाव बनले. अर्थात त्यालाही मोल द्यावे लागले : मूत्राशयाचा कर्करोग, वंध्यत्व, जंतुसंसर्ग हे त्या औषधाचे दुष्परिणाम, आणि रोग उलटण्याची भीती कायम. २०१० मध्ये रिटुक्सिमॅब हे औषध त्याच्या तोडीचे ठरल्याने दुसरा मार्ग मोकळा झाला.

निदानाच्या बाजूनेही क्रांती झाली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिस व सहकाऱ्यांना, आणि १९८५ मध्ये फान डेर वाउडे व सहकाऱ्यांना, रुग्णाच्या रक्तात त्याच्याच श्वेतपेशींविरुद्धचे प्रतिपिंड आढळले. ‘अँका’ या संक्षेपाने ते आज ओळखले जातात. हा पुरावा डोळ्याचा वा सुरीचा नसून रसायनाचा होता.

पुढे वेगेनर यांच्याविषयी वेगळीच माहिती बाहेर आली. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, १९३२ मध्ये, ते नाझींच्या निमलष्करी दलात दाखल झाले होते, पुढे पक्षाचे सदस्य झाले, आणि युद्धकाळात पोलंडमधील लोड्झ येथे ज्यूंच्या कोंडवाड्यानजीक कामास होते. प्रत्यक्ष गुन्ह्यातील सहभाग सिद्ध झालेला नाही. तथापि २००६ च्या सुमारास हा पुरावा विद्वानांपुढे मांडला गेला, आणि २०११ मध्ये अमेरिका व युरोपातील वैद्यकीय संघटनांनी व्यक्तिनाम सोडून रोगाच्या स्वरूपावरून नवे नाव सुचविले. येथे नाव बदलण्याचे कारण प्रथमच नैतिक होते. अर्थात भाषेच्या दृष्टीनेही लाभ झाला : व्यक्तिनाम रोगाविषयी काहीच सांगत नव्हते, नवे नाव गाठी व वाहिनीदाह या दोन्ही गोष्टी सांगते.

७

१९९२ मध्ये अमेरिकेतील चॅपेल हिल येथे भरलेल्या परिषदेने हा सर्व पसारा वाहिनीच्या आकारावरून, म्हणजे मोठी, मध्यम व लहान असा, लावून घेतला. ती नामावली १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली व २०१२ च्या परिषदेत सुधारण्यात आली. तिच्याकडे कालक्रमाने पाहिले तर नामकरणाच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात : प्रथम हाताला लागलेली गाठ वा न लागलेली नाडी, मग सूक्ष्मदर्शकातील पेशी, मग रक्तातील प्रतिपिंड. पूर्वीची पायरी खोटी ठरली असे नव्हे. ती अपुरी ठरली.

मराठीत आपण ‘दाह’ व ‘शोथ’ असे दोन शब्द वापरतो. रोमन लेखक सेल्सस याने लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे सांगितली. आपल्या एका शब्दाने त्यांपैकी उष्णता उचलली, दुसऱ्याने सूज. रक्तवाहिनीच्या विकारात रुग्णास आग होतेच असे नाही आणि सूज दिसतेच असे नाही. ‘रक्तवाहिनीदाह’ हे नाव ऐकून ‘पण मला तर कोठे जळजळ होत नाही’ असे रुग्ण म्हणाला, तर चूक त्याची नसते, शब्दाची असते. शब्द रूढ झालेला असल्याने तो टाकावा असे सुचवावयाचे नाही. परंतु मराठीतील परिभाषाकोशांत प्रत्येक रोगनामासमोर ते कोणी, केव्हा व कोणत्या पुराव्यावरून दिले, आणि आज ते कितपत यथार्थ आहे, एवढी नोंद एका ओळीत करणे अवघड नाही. ती ओळ विद्यार्थ्यास नावापलीकडे रोगाकडे पाहावयास लावील, आणि या रोगांत तसे पाहण्यास झालेला उशीर डोळ्याने किंवा मूत्रपिंडाने भरून द्यावा लागतो.