अराद येथील सीमादुर्ग : ग्रंथप्रामाण्य व उत्खनन

बायबलमधील वृत्तांताची उत्खननातील पुराव्याशी सांगड घालताना इतिहासकाराला किती सावध राहावे लागते, याचे अराद हे उत्तम उदाहरण होय. बैर-शेबाच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरांवर, नेगेबच्या रुक्ष प्रदेशात, यहूदाच्या राज्याने हा दुर्ग बांधला. त्याचा विस्तार जेमतेम ५० मीटर लांब व तितकाच रुंद. तथापि दक्षिणेकडील मार्गावर व अदोमी लोकांच्या हालचालींवर येथून नजर ठेवता येत असे. योहानान अहारोनी यांनी १९६२ पासून १९६७ पर्यंत येथे उत्खनन केले.

'गणना' या ग्रंथात अरादच्या कनानी राजाने इस्राएल लोकांशी युद्ध केल्याचे वर्णन आहे. परंतु इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात ओस पडलेले येथील नगर त्यानंतर हजारांहून अधिक वर्षे वसलेच नाही. ज्या काळात हे युद्ध झाले असे मानले जाते, त्या काळातील वस्तीचा मागमूस या टेकडीवर आढळत नाही.

दुर्गाच्या वायव्य भागात एक देवालय सापडले. अंगणात अनघड दगडांची वेदी, आतील गाभाऱ्यात उभी शिला आणि धूप जाळण्याच्या दोन लहान वेद्या अशी त्याची रचना होती. या दोन्ही वेद्या आडव्या करून पुरलेल्या आढळल्या. राजा हिज्कीया व पुढे योशीया यांनी यरुशलेमबाहेरील उपासनास्थळे बंद केल्याचे बायबल सांगते. त्यास अनुसरून अहारोनी यांनी देवालयाचा लोप दोन टप्प्यांत मांडला. उत्खननात सहभागी असलेल्या झेएव हेर्झोग यांनी स्तरांचा पुन्हा अभ्यास करून देवालय इ. स. पू. आठव्या शतकातले असून ते एकदाच मोडले गेले, असे प्रतिपादिले. डेव्हिड उसिश्किन यांनी तर त्याचा काळ सातव्या शतकात ओढला. काळ बदलला की राजाही बदलतो. म्हणून धर्मसुधारणेचा 'पुरावा' कालनिर्णयापेक्षा बळकट ठरू शकत नाही.

याउलट इ. स. पू. ६०० च्या सुमाराचे, खापऱ्यांवर शाईने लिहिलेले लेख स्वतःच बोलतात. एल्याशीब नावाच्या अधिकाऱ्यास द्राक्षारस व पीठ देण्याच्या आज्ञा त्यांत आहेत. एका लेखात अदोमी येतील या भयाने रामाथ-नेगेबकडे सैनिक धाडण्याची राजाज्ञा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १६ लेखांत किमान ६ हस्ताक्षरे ओळखली गेली. यावरून दूरच्या ठाण्यांपर्यंत साक्षरता पोहोचली होती, असे म्हणता येते.

अरादने बायबल खरे ठरविले की खोटे, हा प्रश्नच गैरलागू आहे. राज्याच्या अखेरच्या दिवसांतील शिधा, आज्ञा व भय यांची समकालीन साक्ष त्याने दिली, हेच त्याचे खरे मोल होय.