राग फक्त आपल्या माणसापुरता का?

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत समालोचक ईसा गुहा यांनी जसप्रीत बुमराहला 'प्रायमेट' म्हटले. हा शब्द वानर-माकडांच्या वर्गासाठी वापरतात. भारतात संताप उसळला. दुसऱ्याच दिवशी गुहांनी प्रक्षेपणात माफी मागितली. संताप योग्यच होता.

पण १७ ऑक्टोबर २००७ ला वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला माकडचेष्टा करून डिवचणारे प्रेक्षक आपलेच होते. मार्च २०२५ मध्ये जोफ्रा आर्चरला हिंदी समालोचनात 'काली टॅक्सी'ची उपमा देणारे हरभजन सिंगही आपलेच.

ही सवय जुनी आहे. चांभार समाजातले बाळू पालवणकर पुण्याच्या हिंदू क्लबाला सामने जिंकून देत. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चाले, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर दिले गेले नाही. धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही भावांनी निषेध केल्यानंतर.

कातडी पाहून हिणवणे आणि जन्म पाहून हिणवणे, रोग एकच. नरडाण्याच्या मैदानावर कुणी पोराला रंगावरून किंवा जातीवरून हाक मारली, तर ब्रिस्बेनइतकाच राग आला पाहिजे.

जय भीम!